नानीची हंडी

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचं पत्र आलं. त्या लिहितात, ‘हाताने बनवलेल्या काचेच्या वस्तूंची मला फार आवड आहे. घरखर्चातून वाचवून सहा-सात वर्षांत आठ वस्तू जमवल्या. सासूबाई म्हणतात, ही उधळपट्टी आहे. अल्लाहला इस्राफ आवडत नाही. मी काय करू?’

फतवा देण्याचा मला अधिकार नाही आणि हे सदर त्यासाठी नाही. पण हा प्रश्न वाचला तेव्हा आमच्याच घरात काचेवरून भाऊ-बहिणीचा अबोला चालू होता. म्हणून उत्तर लिहिण्याऐवजी आमच्या घरात काय झालं तेच सांगते.

माझे नाना मणियार. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन नगरच्या आसपासचे आठवडी बाजार आणि जत्रा करायचे. गावोगावच्या बायकांच्या हातात त्यांनी चुडा भरला. बांगडी ‘फुटली’ असं त्यांनी कधी म्हटलं नाही. ‘वाढली’ म्हणायचे, सगळ्या मराठी बायका म्हणतात तसंच. नगरमधल्या एका जुन्या वाड्यातल्या बाईंकडे त्यांची बांगड्यांची बरीच उधारी थकली होती. वाडा विकायला निघाला तेव्हा बाईंनी उधारीच्या बदल्यात दोन निळ्या काचेच्या हंड्या आणि एक फुलदाण्यांची जोडी नानांच्या हाती दिली. पैशांऐवजी काच घरी आली म्हणून नानी आठ दिवस बोलली नव्हती, असं अम्मी सांगायची.

पुढे त्याच हंड्या नानीचा जीव की प्राण झाल्या. वर्षभर कपाटात असायच्या. रमजानचा चाँद दिसला की ओट्यावर टांगायच्या. आत काचेचा पेला, पेल्यात खाली पाणी, वर तेल आणि तेलावर तरंगणारी वात. तेल संपलं की वात पाण्याला टेकून आपोआप विझायची. भिंतीवर निळा उजेड पडायचा आणि आम्ही मुलं त्यात हाताच्या सावल्या करत बसायचो.

१९९८ सालची रमजान ईद जानेवारीच्या शेवटी आली होती. मी बारावीत होते. ईदच्या आदल्या दिवशी सकाळी कडाक्याच्या थंडीत हंड्या उतरवल्या. आतली काजळी लवकर निघावी म्हणून मी बंबातलं कढत पाणी थेट एका हंडीत ओतलं. टक्क असा आवाज झाला आणि तोंडापासून तळापर्यंत तडा गेला. नानी धावत आली. हंडीकडे पाहिलं, माझ्या पायाकडे पाहिलं. काच लागली नाही ना एवढंच तिला बघायचं होतं. म्हणाली, ‘जाने दे बेटा.’ तुकडे मात्र तिने टाकले नाहीत. जुन्या ओढणीत बांधून ठेवले.

हिवरे बाजारला काय पाहिलं

नानी गेल्या वर्षी अल्लाहला प्यारी झाली. कपाट रिकामं करायची वेळ आली. उरलेली एक हंडी, फुलदाण्यांची जोडी, एक अत्तरदाणी, काचेच्या जुन्या बांगड्या आणि एक प्रभाकर कंदील निघाला. भावाच्या मुलीची नर्सिंग कॉलेजची फी भरायची होती. तो म्हणाला, ‘हे सगळं विकून टाकू.’ जुन्या वस्तू घेणारा एक जण येऊन पाहून गेला. म्हणाला, ‘हंडी जोडीतली एकच आहे, तीनशे रुपये देतो. सगळ्याचे मिळून दोन हजार.’ मी नको म्हटलं. भाऊ चिडला. म्हणाला, ‘तुला आज हंडीचं प्रेम आलं. जोडी कोणी मोडली?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन आठवडे आम्ही बोललो नाही.

त्याच दिवसांत आमच्या बचत गटाची सहल नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारला गेली. या गावाची गोष्ट वाचकांना माहीत आहे. एकेकाळी दुष्काळाने गाव ओस पडत चाललं होतं, माणसं मजुरीला बाहेर जात होती. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर गावाने श्रमदान केलं, बांधबंदिस्ती केली, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, शेतीसाठी बोअर न घेण्याचा नियम केला. पवारांना २०२० सालची पद्मश्री मिळाली. गावात मुस्लिम घर एकच. त्या एका घरासाठी गावाने मशीद बांधली, हेही अनेकदा छापून आलं आहे.

मला सगळ्यात भावला तो तिथला पाण्याचा ताळेबंद. पाऊस पर्जन्यमापकाने मोजतात. किती पडला, किती जिरला, किती उरला याचा हिशेब ग्रामसभेत मांडतात. आधी माणसांचं पिण्याचं पाणी, मग जनावरांचं, मग उरलेल्यात कोणती पिकं घ्यायची ते ठरतं. ऊस, केळी अशी जास्त पाणी पिणारी पिकं नकोत, हेही ठरतं. म्हणून गाव उपाशी नाही आणि उदासही नाही. मोजून खर्च केल्यामुळे तिथे शेतं हिरवी आहेत, भाजी आहे, दूध आहे.

परतीच्या गाडीत मी विचार करत होते. आम्ही दोघं भाऊ-बहीण हिशेब न करताच भांडत होतो. तो म्हणत होता सगळं विका, मी म्हणत होते काहीच विकू नका. काय आहे, कुठून आलं, किमतीचं काय, जपण्यासारखं काय, हे दोघांनाही माहीत नव्हतं. रात्री भावाला फोन केला. म्हटलं, ‘हंडी मी फोडली. चूक माझी. आता कपाटात काय आहे ते आधी नीट बघू, मग ठरवू.’ तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘इतवारला ये.’

काच आपल्या घरातली

काच म्हणजे परक्यांची चैन, असं आपल्याकडे उगाच वाटतं. कुरआन शरीफमधल्या सूरह नूरच्या पस्तिसाव्या आयतीत दिवा आहे, दिव्याभोवती काच आहे आणि त्या काचेला ताऱ्याची उपमा आहे. चौदाव्या शतकात मिस्र आणि शामच्या कारागिरांनी मशिदींसाठी फुंकून बनवलेले मोठे दिवे घडवले, तेव्हा त्यातल्या अनेकांवर हीच आयत मीनाकामात लिहिली. कैरोतल्या सुलतान हसन मशिदीचे असे दिवे आज तिथल्या इस्लामी कला संग्रहालयात आहेत. सूरह नम्लमध्ये सबाच्या राणीचा प्रसंग आहे. हजरत सुलैमान यांच्या महालातली काचेची फरशी तिला पाणी वाटली. सोन्या-चांदीच्या भांड्यात खाण्यापिण्याची हदीसमध्ये मनाई आहे. काचेला तशी मनाई नाही.

आपल्या जिल्ह्याचंही काचेशी नातं जुनं आहे. नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केलं. त्यात काचेचे मणी आणि बांगड्या मिळाल्या. त्याआधी १९४५-४६ मध्ये कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर बहमनी काळातल्या अनेक रंगांच्या काचबांगड्या सापडल्या होत्या. त्या उत्खननात असलेले मोरेश्वर दीक्षित यांनी पुढे भारतीय काचेचा सगळा इतिहास लिहिला. ते पुस्तक १९६९ साली निघालं. माझे नाना जे काम करत होते, त्याची मुळं एवढी खोल आहेत हे त्यांना कोणी सांगितलं असतं तर ते पेटी खाली ठेवून हसले असते.

कंदिलाचंही तसंच. स्वदेशीच्या काळात लोकांनी एकेक पैसा जमवून ‘पैसा फंड’ उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना सुरू झाला. १९१६ मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या जागेवर कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला. त्या जागेचं नावच ओगलेवाडी पडलं. तिथला प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. आमच्या नानीचा कंदील त्यातलाच.

हंड्या-झुंबरं मात्र बहुतेक बाहेरून यायची, बेल्जियम, बोहेमिया, इंग्लंडकडून. वाड्यांत, दर्ग्यांत, मशिदींत ती टांगली जायची. आमची हंडी नेमकी कुठली हे सांगता येणार नाही, पण ती तोंडाने फुंकून केलेली आहे हे आता आम्हाला कळतं. कसं, ते पुढे सांगते.

हातची काच ओळखायची कशी

वाळू, सोडा आणि चुना भट्टीत वितळवून काच होते. लालबुंद, मधासारखी चिकट काच कारागीर पोकळ नळीच्या टोकावर घेतो आणि फुंकतो. ही फुंकण्याची युक्ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी शामच्या किनारपट्टीवर निघाली. वस्तूला आकार आला की ती लगेच उघड्यावर ठेवत नाहीत. दुसऱ्या भट्टीत हळूहळू, तासन्‌तास थंड करतात. घाई केली तर काचेत ताण राहतो आणि ती पुढे केव्हाही तडकते.

इतवारी आम्ही ओट्यावर चादर अंथरून एकेक वस्तू उन्हात धरली. तुम्हीही असंच पाहा.

पहिलं, तळ पाहा. फुंकलेली वस्तू शेवटी लोखंडी दांडीवर धरून तोंड घडवतात. दांडी तोडल्याची खूण तळाशी राहते, खरबरीत ठिपका किंवा घासून गुळगुळीत केलेला खळगा. आमच्या दोन्ही फुलदाण्यांच्या तळाशी असा खळगा निघाला.

दुसरं, बाजू पाहा. तोंडापासून तळापर्यंत सरळ उभी रेघ असेल तर वस्तू साच्यातली आहे. साच्यात फुंकलेली हातची वस्तूही असते, म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका.

तिसरं, काचेची जाडी पाहा. हातच्या कामात ती सगळीकडे सारखी नसते आणि जोडीतल्या दोन वस्तू तंतोतंत एक नसतात.

चौथं, बुडबुडे. जुन्या काचेत बारीक बुडबुडे सापडतात. पण हल्ली मुद्दाम बुडबुडे घालून काच जुनी भासवतात, तेव्हा फसू नका.

पाचवं, रंग. निळी काच कोबाल्टमुळे निळी होते. रंग काचेच्या अंगातच असतो. ओढणीतल्या फुटक्या हंडीचा तुकडा आम्ही उजेडात धरला. तुटलेल्या कडेलाही तसाच निळा. वरून रंग मारलेली वस्तू असेल तर कडेला किंवा आतल्या बाजूला पांढरी काच दिसते.

माझी फसगतही सांगते. चार वर्षांपूर्वी एका प्रदर्शनातून मी ‘पूर्ण हातचा तुर्की दिवा’ आणला. ऐपतीबाहेरची किंमत दिली. नंतर कळलं, आतला गोल साध्या साच्यातला आहे. वरचे रंगीत तुकडे तेवढे हाताने चिकटवलेले. दिवा सुंदर आहे, तुकडे लावणाऱ्याचे कष्टही खरे. पण सांगितलं एक आणि दिलं दुसरं. घेण्यापूर्वी विचारा, ‘कोणता भाग हाताने केला?’ खरा विक्रेता रागावत नाही.

बनवणाऱ्याचा हात

हिंदुस्थानात आज काचेचं सगळ्यात मोठं गाव म्हणजे उत्तर प्रदेशातलं फिरोजाबाद. बांगड्यांबरोबर तिथे झुंबरं, दिवे, फुलदाण्याही होतात. कारागिरांत मुस्लिम मोठ्या संख्येने आहेत. ताजमहालाला धुराचा धोका म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरमध्ये आदेश दिला आणि त्या भागातल्या कारखान्यांना कोळशाऐवजी गॅसकडे वळावं लागलं. भट्टी बदलली, पण भट्टीसमोरची आच तीच. बांगडीची टोकं ज्योतीवर जोडण्याचं काम घरोघरी बायका करतात. त्यात लहान मुलंही राबवली गेली, हे विसरून चालणार नाही. गुजरातमधल्या कपडवंजला कपड्यावर लावायच्या आरशांची पातळ काच फुंकून करतात. तेही शीशगर मुसलमानांचं पिढीजात काम. फलस्तीनमधल्या अल-खलील शहरातही कारागीर आजवर हाताने काच फुंकत आले आहेत.

म्हणून हातची काच घेताना घासाघीस किती करायची याचा विचार करावा. साच्यातल्या वस्तूच्या भावात हातची वस्तू मागितली तर कोणाच्या तरी डोळ्यांचे, फुफ्फुसांचे आणि बोटांचे पैसे आपण कापतो. वर्षाला चार स्वस्त वस्तू घेण्यापेक्षा दोन वर्षांत एक घ्या, पण रास्त दामाने घ्या.

जपणूक

माझ्या हातून झालेली चूक तुमच्या हातून होऊ नये म्हणून हे जरा विस्ताराने.

गार काचेत कढत पाणी ओतलं की आतली बाजू लगेच फुगते, बाहेरची तशीच गार राहते. त्या ओढाताणीत काच तडकते. जाड काच मजबूत म्हणून जास्त सोसेल असं वाटतं, पण इथे उलट आहे. जाड काच लवकर तडकते. म्हणून धुवायचं पाणी कोमट हवं. घमेल्यात किंवा सिंकमध्ये जाड टॉवेल अंथरा. हातातल्या अंगठ्या काढा. सौम्य साबण, मऊ फडकं. सोनेरी नक्षी असेल तर ती घासू नका.

पूर्ण कोरडी झाल्याशिवाय काच कपाटात बंद करू नका. ओल राहिली तर वर्षानुवर्षांनी काचेवर दुधी ढग चढतो आणि तो काही धुऊन जात नाही. वर्तमानपत्रापेक्षा जुन्या सुती ओढणीत गुंडाळा.

अत्तरदाणीचं बूच अडकलं तर पिळू नका. सांध्यावर तेलाचा थेंब सोडा, हाताच्या उबेत धरा, रात्रभर थांबा. आमच्या अत्तरदाणीला दोन रात्री लागल्या. उघडली तेव्हा आत काही नव्हतं, पण नानीच्या ईदच्या कपड्यांचा वास होता.

जड, चमकदार लेड क्रिस्टलच्या भांड्यात लोणचं, सरबत साठवू नका. त्यातलं शिसं पदार्थात उतरतं. गोल काच किंवा पाणी भरलेली फुलदाणी थेट उन्हात ठेवू नका. भिंगासारखा कवडसा पडून कापड जळू शकतं. जुन्या हंडीत दिवा लावायचा तर कमी तापणारा एलईडी लावा. साखळी छतातल्या पक्क्या हुकाला अडकवा, पीओपीच्या फळीला नव्हे.

शेवटी काय ठरलं

दुपारपर्यंत आमचा ताळेबंद तयार झाला. आधी भाचीची फी. फुलदाण्यांशी आमच्यापैकी कोणाचीच आठवण जोडलेली नव्हती. नानीनेही त्या कधी वापरल्या नव्हत्या. त्या विकायचं ठरलं. पण पहिल्या आलेल्याला नाही. पुण्याला जाऊन आम्ही दोन जाणकारांना दाखवल्या, मग तिसऱ्याला दिल्या. फक्त जोडीचेच अकरा हजार आले. फीचा पहिला हप्ता त्यातून गेला. वारसांत अम्मी आणि मामूही होते, त्यांना आधी विचारलं. दोघांनी आपला हिस्सा भाचीच्या शिक्षणाला दिला.

कंदील मामूने नेला. बांगड्या भाचीने मागून घेतल्या. अत्तरदाणी अम्मीकडे आहे. हंडी भावाच्या घरी टांगली आहे, कारण ओट्यावर हुक आहे तो त्याच्याकडेच. मीच म्हटलं, तुझ्याकडे राहू दे. फुटक्या हंडीचे तुकडे भावाने माझ्या हातात दिले. म्हणाला, ‘हे तुझे.’ आता त्या बोलण्यात राग नव्हता. प्रत्येक वस्तूबरोबर आम्ही एक चिठ्ठी ठेवली आहे. कुठून आली, कोणी आणली, कधी वापरली. नानांची उधारी आणि नानीचा आठ दिवसांचा अबोला, दोन्ही त्यात लिहिलं आहे.

तर पत्र लिहिणाऱ्या भगिनीला माझं एवढंच सांगणं. इस्राफ वस्तूत नसतो, हिशेब सोडण्यात असतो. फी, दवा, देणेकऱ्यांचं देणं, जकात, सगळं आधी. त्यानंतर उरलेल्यात वर्षा-दोन वर्षांत एक सुंदर वस्तू आणलीत तर मला त्यात गैर वाटत नाही. आणण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारा. ही कोणी बनवली? घरात हिच्यावर उजेड कुठे पडेल? आणि पुसणार कोण? तिसऱ्याचं उत्तर ‘सासूबाई’ असेल तर आणू नका.

आणखी एक करा. आठ वस्तू सासूबाईंसमोर मांडा आणि एकेकीची गोष्ट सांगा. मग त्यांना विचारा, त्यांच्या माहेरी काचेचं काय होतं. नक्की काही तरी निघेल, एखादी सुरमादाणी, एखादी कंदिलाची काच. ते त्यांच्याच तोंडून ऐका आणि चिठ्ठीवर लिहून ठेवा.

येत्या रमजानला भावाने सगळ्यांना इफ्तारला बोलावलं आहे. हंडीत यंदा एलईडी नको, एक दिवस तरी तेलाची वात लावू, असं भाची म्हणते. पाणी खाली, तेल वर, हे तिला मी शिकवणार आहे. हंडी मात्र दुसऱ्या दिवशी तिनेच धुवायची, कोमट पाण्याने.